थंडीत झटके, उन्हाळ्यात नॉक: जळगावच्या एका टर्बो सेडानचे चार प्लग

गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरची, डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल सेडान. कंपनीतून निघाली तेव्हा २३० पीएसची (अश्वशक्तीची) होती. पुढे फक्त ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बदललं. टर्बो, त्याची हवा थंड करणारा इंटरकूलर, ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या कॉइल सगळं मूळचंच राहिलं. मीटरवर ६२,००० किलोमीटर. रोजचा वापर जळगाव शहरात चार-पाच किलोमीटरचा, महिन्यातून दोनदा चाळीसगाववरून कन्नड घाट चढून संभाजीनगर, आणि उन्हाळ्यात धुळे-साक्रीमार्गे कोंडाईबारी घाट उतरून सुरत. वापराची ही यादी नीट लक्षात ठेवावी, कारण स्पार्क प्लगची निवड शेवटी तिच्यावरच ठरली.

तक्रार जानेवारीतली. सकाळी सात-साडेसातला घाट चढताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २,८०० ते ३,५०० आरपीएमच्या दरम्यान पाय पूर्ण दाबला की गाडी झटके मारायची आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. पाय थोडा सैल केला की सगळं शांत. ४,५०० च्या पुढे पुन्हा बरी ओढायची. शहरात, ट्रॅफिकमध्ये, आयडलला काहीही नाही. खान्देशात मिस्त्री ज्याला ‘गाडी झटका मारस’ म्हणतात, तोच हा प्रकार: दाबाखाली होणारं मिसिंग (मिसफायर), म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल वेळेवर न पेटणं.

दिवा नुसता लागून राहणं आणि लुकलुकणं यात फरक आहे. लुकलुकला तर त्या क्षणी न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर आतून तापतोय असं समजायचं. अशा वेळी घाट रेटायचा नाही, पाय काढायचा. कन्व्हर्टरची जाळी वितळली तर प्लग आणि कॉइल मिळून जेवढा खर्च येईल त्याच्या कितीतरी पट खर्च होतो.

या प्रकरणाला आधीचा एक धागा होता. नोव्हेंबरात एका गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले होते. ऑनलाइन मागवलेले इरिडियम प्लग, मूळ हीट रेंजचेच (प्लग किती उष्णता वाहून नेतो त्याची पायरी). डब्यावर ‘गॅप तयार’ असं छापलेलं, म्हणून कुणी गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर, मोजलं नाही. कॉइल तपासल्या नाहीत. पाच-सहाशे किलोमीटर गाडी छान चालली आणि झटके परत आले. त्यामुळे ‘प्लग तर नवे आहेत, म्हणजे दोष दुसरीकडे’ असं धरून गाडीतला पेट्रोल पंप बदलण्यापर्यंत गोष्ट गेली होती. नवा प्लग म्हणजे चांगला प्लग, हे गृहीतच इथे चुकलं.

झटका याच आरपीएमला का, आणि थंडीतच का

प्लगच्या दोन टोकांमधली हवा जितकी दाट, तितकं ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप वाढला तरी तेच. म्हणजे दाटपणा आणि गॅप यांचा गुणाकार कॉइलच्या अंगावर येतो. टर्बो गाडीत सिलिंडर सर्वात जास्त भरतो तो कमाल टॉर्कच्या आरपीएमला, सर्वात वरच्या आरपीएमला नव्हे. या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, २,८०० च्या आसपास शिखरावर जातो; लॉगमध्ये (स्कॅनरच्या नोंदीत) तो १.६ बार दिसला. झटके नेमके तिथेच. ४,५०० नंतर बूस्ट उतरतो, सिलिंडर कमी भरतो, मागणी घटते, म्हणून गाडी पुन्हा सुधारल्यासारखी वाटते. ही खूण इतकी पक्की आहे की स्कॅनर लावायच्या आधीच संशय इग्निशनवर जायला हवा.

आता थंडी. ईसीयू बूस्टचा दाब सांभाळतो, दाटपणा नाही. इंटरकूलरनंतरची हवा जानेवारीच्या सकाळी २५ अंश असेल आणि मेच्या दुपारी ६५ अंश, तर तेवढ्याच दाबाला जानेवारीची हवा साधारण १३ टक्क्यांनी दाट असते. भरीत-पार्ट्यांच्या दिवसांत जळगाव-धुळ्याचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि जी कॉइल दिवाळीपर्यंत कशीबशी पुरत होती ती तेव्हा कमी पडते. उन्हाळ्यात उलटं: हवा विरळ, ठिणगी सहज उडते, पण मिश्रण तापलेलं असतं म्हणून नॉक होण्याची, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटून ठोका बसण्याची, भीती वाढते. त्यामुळे आपल्या भागात प्लगचा गॅप ठरवताना जानेवारी डोळ्यासमोर ठेवायचा आणि हीट रेंज ठरवताना मे. एकाच ऋतूचा विचार करून प्लग घेतले की दुसऱ्या ऋतूत त्रास ठरलेला. देशी-परदेशी सल्ल्यांत हा मुद्दा क्वचित येतो.

तपासणी

स्कॅनरवर पी ०३०० आणि पी ०३०३ हे दोन कोड होते: अनेक सिलिंडरांत मिसफायर, आणि तिसऱ्यात विशेष. कोड बघून थांबायचं नाही, मिसफायरचे आकडे सिलिंडरवार बघायचे. एका पूर्ण ओढीत (पाय पूर्ण दाबून वेग घेताना) तिसऱ्या सिलिंडरचे ४१, दुसऱ्याचे ६, पहिल्या-चौथ्याचे शून्य. त्याच लॉगमध्ये नॉकमुळे ईसीयूने टायमिंग मागे घेतलेलं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडलेली, दिसलं: दुसऱ्या सिलिंडरला ६ अंश, बाकीच्यांना २ ते ३. हा दुसऱ्या सिलिंडरचा आकडा त्या वेळी बाजूला पडला असता, पण पुढे त्याचं उत्तर प्लग काढताना हातातच मिळालं.

पेट्रोल रेलचा दाब ओढीत टिकून होता, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत. म्हणजे पंप, इंजेक्टर, व्हॉल्व्ह यांच्यावरचा संशय तिथेच संपला.

मग अदलाबदल. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. प्लग जागचे हलवायचे नाहीत. दोन्ही एकदम हलवले तर दोष कोणाबरोबर गेला हे कळत नाही, आणि ही चूक गॅरेजमध्ये रोज होते. पुन्हा ओढ घेतली: पहिल्या सिलिंडरचे मिसफायर ३३, तिसऱ्याचे ९. दोष कॉइलबरोबर गेला, पण पूर्ण गेला नाही. याचा अर्थ कॉइल बिघडली आहे आणि तिसऱ्याचा प्लगही बिघडला आहे.

कॉइल मल्टिमीटरने मोजून ‘ठीक आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. या कॉइलमध्ये स्विचिंगचं इलेक्ट्रॉनिक सर्किट आतच असतं, साधा रेझिस्टन्स मोजून दाबाखालचं वागणं समजत नाही. अदलाबदल हीच खरी परीक्षा.

प्लग बाहेर आले तेव्हा

तिसऱ्याचा प्लग उजेडात आडवा धरून हळूहळू फिरवला तर पांढऱ्या सिरॅमिकवर वरच्या टोपीपासून खालच्या षटकोनापर्यंत एक काळी उभी रेघ होती. बारीक, शिसपेन्सिलने ओढावी तशी. नखाने खरवडली तरी निघेना. त्याच कॉइलच्या रबरी बुटात (प्लगवर चढणाऱ्या नळीत) टॉर्च मारला तर आत तशीच रेघ, नेमकी समोरासमोर. ठिणगी गॅपमध्ये न उडता सिरॅमिकच्या बाहेरून, बुटाच्या आतून, प्लगच्या लोखंडी अंगावर जात होती. एकदा गेली की वाटेतलं रबर जळून कोळसा होतो, आणि कोळशातून वीज वाहते. पुढच्या वेळी तीच वाट सोपी. स्पिरिटने पुसून ही वाट बंद होत नाही.

नोव्हेंबरातले नवे प्लग सहाशे किलोमीटरमध्ये का बिघडले याचं उत्तर इथे आहे. जुन्या, झिजलेल्या प्लगच्या काळातच बुटात रेघ पडली होती. नवा प्लग त्याच बुटात घातला, आणि बुटाने आपली रेघ नव्या सिरॅमिकवर उमटवली. रेघ असलेला बूट ठेवून प्लग बदलणं म्हणजे नव्या प्लगचे पैसे पाण्यात. आणि रेघ असलेला प्लग ठेवून नवी कॉइल बसवणं म्हणजे नव्या कॉइलचे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. सिरॅमिक जिथे लोखंडी अंगात शिरतं तिथे बऱ्याच प्लगवर तपकिरी, धुरकट कडं दिसतं. ते पाहून ‘कॉम्प्रेशन लीक आहे’ म्हणून प्लग फेकले जातात. ते कडं उच्च व्होल्टेजभोवती ओढल्या गेलेल्या तेलाच्या आणि धुळीच्या कणांचं असतं; त्याने काही बिघडत नाही. गोल कडं निर्धोक, उभी रेघ घातक.

गॅप मोजले: पहिला ०.८०, दुसरा ०.८५, तिसरा ०.९५, चौथा ०.८० मिलिमीटर. सहाशे किलोमीटरमध्ये इरिडियम इतकं झिजत नाही. म्हणजे ‘गॅप तयार’ प्लग मुळातच असमान होते, आणि सर्वात मोठा गॅप सर्वात कमजोर कॉइलखाली जाऊन बसला होता.

दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काढताना पान्याला जोरच लागला नाही. वॉशर जवळजवळ जसाच्या तसा, दबलेलाच नव्हता. सिरॅमिकचं टोक पांढरंफटक, बाजूची पट्टी टोकापासून मुळापर्यंत निळसर. प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि वॉशरच्या बैठकीतून हेडमध्ये उतरते. बैठक सैल म्हणजे उष्णतेला वाट नाही. योग्य हीट रेंजचा प्लगही मग गरम प्लगसारखा वागतो. दुसऱ्याचे ६ अंश इथून आले होते. मे महिन्यापर्यंत हाच प्लग इंजिनात राहिला असता तर गोष्ट टायमिंग मागे घेण्यावर थांबली नसती.

कोणता प्लग

प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर काजळी जळून स्वतः साफ होतं, आणि ८०० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटवायला लागतं. हीट रेंज म्हणजे या दोन आकड्यांच्या मध्ये टोक ठेवण्याची व्यवस्था. एक पायरी थंड प्लग टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी खाली आणतो. थंड प्लग म्हणजे जोरकस ठिणगी, असा समज आहे. ठिणगीशी त्याचा संबंध नाही, फक्त उष्णता वाहून नेण्याशी आहे.

या गाडीचा मूळ प्लग एनजीके या प्लग कंपनीच्या मोजणीत ७ चा. विक्रेत्याचा आग्रह ‘रेसिंग’चा ९ घ्या असा होता. निवडला ८. सॉफ्टवेअरने वाढवलेला बूस्ट आणि मे महिन्यात सुरत रस्त्यावर तास-तासभर सलग भार, म्हणून ७ वरून एक पायरी थंड प्लगवर येणं रास्त. पण हीच गाडी आठवड्यातले पाच दिवस चार किलोमीटर जाऊन बंद होते. ९ चा प्लग त्या वापरात ५०० अंश गाठणार नाही, काजळी धरेल, आणि पावसाळ्यात एका सकाळी गाडी स्टार्टच होणार नाही. गाडी ट्यून केलेली नसती तर हीट रेंजला हातही लावायचा नव्हता. मूळ नंबरचाच प्लग, विषय संपला.

आकड्यांची दिशा बघून घ्यावी. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तसा प्लग थंड. डेन्सोचा २२ म्हणजे एनजीकेचा ७, २४ म्हणजे ८. बॉशमध्ये उलटं, आकडा मोठा तसा प्लग गरम. या गोंधळात थंड समजून गरम प्लग बसवला तर टर्बो गाडीचा पिस्टन जाऊ शकतो.

आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि षटकोन मूळ प्लगशी तंतोतंत जुळले पाहिजेत. इथे १४ मिलिमीटर व्यास, २६.५ लांबी, १६ चा षटकोन. लांबी कमी पडली तर हेडचे खालचे आटे उघडे राहून काजळीने भरतात, पुढचा योग्य प्लग तिथे अडतो. जास्त झाली तर पिस्टनशी गाठ.

धातूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. निकेलचा साधा प्लग दाबाखाली वाईट नसतो, लवकर झिजतो एवढंच; दर १५,००० किलोमीटरला बदलायची तयारी असेल तर तोही चालतो. इरिडियम २,४४६ अंशांना वितळतं, म्हणून टोक सुईसारखं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला सुटते. कमजोर बाजू असलेल्या कॉइलला तेवढीच मदत. म्हणून इरिडियम. पण डब्यावरचा ‘एक लाख किलोमीटर’ मूळ बूस्टच्या गाडीसाठी असतो. ट्यून केलेल्या गाडीत २५ ते ३० हजारांवर प्लग निघाले पाहिजेत.

गॅप ०.६० ठेवला. ०.८० वरून इतकं खाली का, तर जानेवारीच्या त्या दाट हवेसाठी. ०.५० का नाही, तर ठिणगी इतकी लहान झाली की आयडलला ज्योत नीट धरत नाही, गाडी थरथरते.

बनावट प्लगचा प्रश्न खरा आहे, आणि ओळखायला दोन मिनिटं लागतात. अस्सल प्लगचा वॉशर हाताने फिरवून निघत नाही. इरिडियमची सुई मधोमध असते आणि तिच्या मुळाशी लेसर वेल्डची एकसारखी बारीक गोलाई दिसते. आटे स्वच्छ असतात, छपाई बोटाने पुसली जात नाही. रेझिस्टर प्लग असेल तर टोपी ते मधलं टोक मल्टिमीटरवर साधारण ५ किलो-ओहम दाखवतो. चार प्लगमध्ये एक ५ आणि एक १२ दाखवत असेल तर चारही परत.

बसवणं

इंजिन पूर्ण थंड हवं. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढला तर आटे प्लगबरोबर येऊ शकतात. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी उभी केलेली गाडी संध्याकाळीही आतून गरम असते, तेव्हा काम सकाळचंच.

कनेक्टरचं प्लास्टिक उष्णतेने कडक झालेलं असतं. लॉक आधी मागे घ्यायचं, मगच खटका दाबायचा. नुसतं ओढलं की खटका तुटतो. बोल्ट काढून कॉइल थोडी डावी-उजवी फिरवायची, बुटाची पकड सुटली की सरळ वर. वाकडी ओढली तर बूट आत राहतो.

कॉइल निघाली की लगेच पाना लावायचा नाही. डोळ्यांना चष्मा लावून प्रत्येक विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) कॉम्प्रेसरची हवा मारायची. कापसाचे तंतू, शेतरस्त्याची काळी माती, उडून आलेला पाचोळा, बॉनेटखाली काय काय साचतं ते इथे कळतं. प्लग निघाल्यावर हे सगळं थेट सिलिंडरमध्ये पडणार असतं.

पातळ भिंतीचा १६ चा प्लग पाना वापरायचा. प्लग पाव फेरा सैल करून थांबायचं. करकर आवाज आला किंवा अडला तर थोडं मोकळं करणारं तेल, दहा मिनिटं, पुन्हा आत-बाहेर.

नव्या प्लगचा गॅप तारेच्या गेजने मोजायचा. नाण्यासारखं गोल, उतरत्या कडेचं गेज इरिडियमच्या सुईवर सरकवलं तर सुई तुटते. वाकवायची ती फक्त बाजूची पट्टी, आणि मधल्या टोकाचा आधार कधीही घ्यायचा नाही. आतलं सिरॅमिक तडकतं, आणि ती तडक बाहेरून दिसत नाही. फरशीवर पडलेला प्लग दिसायला कितीही चांगला असला तरी वापरायचा नाही.

प्लग विहिरीत टाकून द्यायचा नाही, रबरी नळीच्या टोकाला खोचून उतरवायचा. आधी उलटा फिरवायचा. आटा आट्यात बसल्याचा बारीक ‘टक्’ हाताला जाणवतो, मग सुलटा. हाताने पूर्ण बसेपर्यंत पाना नको. प्लग अडला की रबर घसरतं, वाकडा आटा धरला जात नाही, हा नळीचा खरा फायदा.

आवळण्याचा टॉर्क: १४ मिलिमीटरचा वॉशरवाला प्लग, ॲल्युमिनियम हेड, कोरडे आटे, तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. १२ मिलिमीटरचा असेल तर १५ ते २०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरायचा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायचं नाही. रेंच तोच आकडा दाखवतो पण निसरड्या आट्यावर प्लग प्रत्यक्षात बराच जास्त आवळला जातो. ‘हाताचा अंदाज’ काय करतो ते दुसऱ्या सिलिंडरने दाखवलंच होतं. या गाडीत चारही २८ वर आवळले.

चारही कॉइल नव्या घेतल्या. रेघ एकाच बुटात होती, पण दुसऱ्याच्या बुटात आतून एक फिकट पांढरी खूण उमटायला लागली होती, आणि चारही एकाच वयाच्या. बुटाच्या तोंडाशी डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर, आत स्प्रिंगच्या टोकाला अजिबात नाही.

नंतर

दोन दिवसांनी, सकाळी ११ अंशांना, घाटाच्या वळणांत नव्हे तर पायथ्याच्या सरळ चढावर ओढ घेतली. एक जण गाडीवर, दुसरा लॅपटॉपवर. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये २,००० पासून ५,५०० पर्यंत, चारही सिलिंडरांचे मिसफायर शून्य. दुसऱ्याचं टायमिंग बाकीच्यांइतकंच, २ अंश मागे. आयडलला थरथर नाही.

मेच्या शेवटी, ४४ अंशांत सुरत जाऊन आल्यावर प्लग पुन्हा काढले. ५,२०० किलोमीटर झाले होते. टोकं फिकट करडी, पट्टीवरचा उष्णतेचा डाग मधल्या वळणाशी थांबलेला, मुळापर्यंत गेलेला नाही. सिरॅमिकवर ॲल्युमिनियमचे चकाकणारे ठिपके नाहीत, म्हणजे नॉकने पिस्टनला ओरखडलेलं नाही. लोखंडी कडेवर थोडी काजळी होती, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ती असतेच. ९ चा प्लग असता तर ती सिरॅमिकवर चढली असती. गॅप तीन प्लगचा ०.६०, एकाचा ०.६२. परतीच्या प्रवासात साक्रीच्या पुढे साधं पेट्रोल भरलं होतं, तिथून पुढे लॉगमध्ये टायमिंग ४ अंशांपर्यंत मागे गेलेलं दिसलं. चढावर पूर्ण ओढ घ्यायची असेल तर निघण्याआधी शहरातल्या पंपावरच जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरायचं, वाटेत प्रत्येक ठिकाणी ते मिळत नाही.

पुढची मोजणी नोव्हेंबरात, थंडी पडायच्या आधी. कोणताही गॅप ०.७० भरला तर पट्टी वाकवून परत आणायचा नाही, चारही प्लग बदलायचे, आणि बदलताना चारही बुटांत टॉर्च मारायचा.